दस्तीला अनुदान

परभणीच्या बसस्थानकात गंगाखेडची गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्या खिडक्यांतून आत दस्त्या पडायला लागतात. इकडं हातरुमालाला दस्ती म्हणतात. रुमाल म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याला गुंडाळलेला असतो तो. हा फरक पुढं एका समितीला समजावून सांगताना प्रा. डॉ. सुकेशनी खिल्लारे यांची दोन पानं खर्ची पडली, म्हणून आपण तो आधीच समजून घेतलेला बरा.

सुकेशनी मॅडम गंगाखेडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या आणि परभणीहून रोज एसटीनं जायच्या. रेल्वेही आहे, पण तिची वेळ आणि कॉलेजची वेळ यांचं कधी पटलं नाही. त्या दिवशी मॅडम गाडीत सगळ्यांच्या आधी चढल्या, पण जागोजागी दस्त्या पडलेल्या होत्या आणि त्यांचे मालक मागोमाग येऊन बसले. तिसऱ्या ओळीतली खिडकीकडची जागा तेवढी रिकामी होती. म्हणजे रिकामी नव्हती, तिच्यावर एक दस्ती पडलेली होती, कधीकाळी पांढरी असावी अशी. मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून एक पैलवानासारखा माणूस खांद्यावर पोतं घेऊन आला, त्यानं दस्तीकडं पाहिलं आणि तोही उभा राहिला. एक काठीवाले आजोबा आले, ते उभे राहिले. गाडीत मुंगीला वाव उरला नाही, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, तरी ती जागा तशीच. शेवटी एक किडकिडीत इसम पान चघळत, कुणाला घाई नसल्यासारखा आला, त्यानं दस्ती उचलून मान पुसली आणि बसला. कुणी चकार शब्द काढला नाही.

पोखर्णीपर्यंत मॅडम उभ्याच होत्या. पोखर्णी आली आणि त्यांच्या मनात आलं, मी का नाही बसले?

दुसऱ्या कुणाला असा प्रश्न पडला असता तर तो गंगाखेड येईपर्यंत विसरला असता. पण सुकेशनी मॅडमना गोष्टी कळून घ्यायची खोड होती. त्या इतकी वर्षं मुलांना शिकवत होत्या, की माणसं नियम पाळतात ते कायद्याच्या धाकानं, नाहीतर चार लोकांच्या लाजेनं. इथं कायदा नव्हता. तो किडकिडीत इसम कुणाच्या ओळखीचा नव्हता, आणि पैलवानानं त्याला एका हातानं उचलून टपावर ठेवलं असतं. तरी अख्खी गाडी एका मळक्या फडक्याला मान देत उभी राहिली. का?

त्यांनी घरी विषय काढला. धम्मपाल, म्हणजे मॅडमचे यजमान, जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याकडं होते.

"अहो, तिथं कुणीच का बसलं नसेल?"

"दस्ती होती ना."

"दस्ती होती हो. पण दस्ती काय करणार होती?"

धम्मपाल यांनी भाकरीचा घास हातात धरून थोडा विचार केला. "तसं बघितलं तर काहीच नाही," ते म्हणाले. "पण दस्तीवर कसं बसायचं?"

शेजारच्या कमलबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्या वाटीसकट खुर्चीत बसल्या. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून त्यांनी सगळा जिल्हा पालथा घातला होता. निवृत्तीनंतर त्यांच्याकडं सल्ल्यांचा मोठा साठा शिल्लक राहिला होता.

"सुकेशनी, पुरुषाची दस्ती चालती, बाईची पिशवी चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "मागं जिंतूरच्या गाडीत माझी पिशवी एकानं उचलून खाली ठेवली, अन् वर मलाच म्हणतो, मावशी, पिशवी पडली तुमची. त्याला घे तुझ्या अभ्यासात. नावासकट घे."

"नाव माहीत आहे का त्याचं?"

"न्हाई. पण मी वळखीन."

अशा रीतीनं एका प्रश्नाचे बरेच प्रश्न झाले. बाईच्या वस्तूला कमी मान असतो का? टॉवेलाला दस्तीपेक्षा जास्त? मालक आलाच नाही, तर दस्तीचा हक्क कुठल्या गावापर्यंत चालतो? मॅडमनी एक छोटासा अभ्यास आखला आणि हौसेनं प्राचार्य पौळ यांच्यापुढं ठेवला.

प्राचार्यांनी तो वाचला, चष्मा काढला. "मॅडम, निधी कुणाचा आहे याला?"

"निधी कशाला, सर? मी रोज जातेच गाडीनं."

"विनाअनुदानित संशोधन म्हणजे छंद, मॅडम. छंदाला कॉलेज काय करणार? रसायनशास्त्राच्या सरांनी अनुदानातून यंत्र आणलं. आता त्या यंत्राला खोली पाहिजे. तुमच्या विभागाच्या खोलीकडं सगळ्यांचा डोळा आहे. वर्षाअखेर एखादा अनुदानित प्रकल्प दाखवा, मी खोली राखतो. नाहीतर मग ग्रंथालयात टेबल देऊ तुम्हाला."

समाजशास्त्राची खोली म्हणजे काही दिवाणखाना नव्हता. अर्ध्या भागात क्रिकेटच्या बॅटी आणि लेझीम ठेवलेले असत. पण दारावर विभागाची पाटी होती, आणि ती मॅडमनी स्वतः भांडून लावून घेतली होती. तेव्हा मॅडम निधीच्या शोधाला लागल्या.

पहिला अर्ज एका संशोधन मंडळाच्या लघुप्रकल्प योजनेकडं गेला. तो परत आला. शेरा होता, 'दस्ती व रुमाल या संज्ञांतील भेद स्पष्ट करावा.' मॅडमनी ती दोन पानं लिहिली. अर्ज परत आला. 'प्रकल्पाचा शेतकऱ्यांस होणारा लाभ नमूद करावा.' धम्मपाल म्हणाले, दस्ती कापसाची असते, कापूस शेतकऱ्याचा असतो, अर्जात घालून दे. मॅडमनी घातलं. मग कुणीतरी सुचवलं, शीर्षकात 'ग्रामीण' हवं. दुसऱ्यानं सांगितलं, 'शाश्वत' असल्याशिवाय हल्ली कुणी पाकीट उघडत नाही. शीर्षक वाढत वाढत एवढं झालं, की शिपायानं ते पाकिटावर लिहायला घेतलं आणि 'शाश्वत'पाशी जागा संपली. अखेर उत्तर आलं, विषय परिवहनाशी संबंधित असल्यानं तिकडं विचारणा करावी.

मॅडमनी तिकडं विचारणा केली. तिथून उत्तर आलं, विषय शिक्षणाशी संबंधित आहे.

हे उत्तर हातात देणारे कारकून मात्र मोठे भले होते. त्यांनी मॅडमना बसायला स्टूल दिलं आणि आपले मेहुणे जागा धरायला वर्तमानपत्र कसं टाकतात ते रंगवून सांगितलं. "पण ताजं पाहिजे, मॅडम. शिळं टाकलं तर लोक उचलून वाचत बसतात. तेवढं घ्या तुमच्या प्रबंधात."

हे सगळीकडं असंच व्हायचं. प्रश्न ऐकला की माणूस खुर्ची पुढं ओढायचा, आपली एखादी हकीगत सांगायचा. निधी म्हटलं की तीच खुर्ची मागं सरकायची.

पुण्याच्या एका प्रतिष्ठानानं ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. मॅडम ठेवणीतली साडी नेसून विभागाच्या खोलीत लॅपटॉपपुढं बसल्या. मागं बॅटी दिसू नयेत म्हणून त्यांवर नकाशा टांगला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या.

"यातून नेमका काय बदल घडवणार आहात तुम्ही?"

"बदल नाही घडवायचा," मॅडम म्हणाल्या. "कळून घ्यायचंय."

पलीकडं इतकी शांतता पसरली, की मॅडमना वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, "पण लाभार्थी कोण?" मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या, "सध्या तर मीच." तेवढ्यात गंगाखेडची लाइट गेली, आणि तो विषय तिथंच मिटला.

वर्ष संपत आलं. रसायनशास्त्राचे सर एकदा फीत घेऊन खोलीची लांबी मोजून गेले आणि जाताना नकाशा छान असल्याचं सांगून गेले. मॅडमना तो नकाशाचा शेरा फीत लावल्यापेक्षा जास्त झोंबला.

"निधी मिळू दे न्हाईतर न मिळू दे," कमलबाई म्हणाल्या, "दस्त्या तर घेऊन ठेव. लग्नसराईत भाव वाढायलेत."

म्हणून दोघी परभणीच्या बाजारात परमेश्वर मुरकुटे यांच्या कापड दुकानात गेल्या. मुरकुटे शेठ गादीवर बसून होते. एकसारख्या दस्त्या मागितल्यावर त्यांना नवल वाटलं. "ताई, आहेरात दस्ती देणारे पाहुणे पहिल्यांदाच बघायलोय मी."

मॅडमनी आता लाभ, शाश्वत वगैरे काही न लावता, जसं होतं तसं सांगितलं. मुरकुट्यांनी पुढ्यातला तागा बाजूला सारला आणि चहा सांगितला.

"मॅडम, टावेल टाकला तर?"

"तेच बघायचंय."

"अन् दोघांच्या दस्त्या एकाच शीटावर पडल्या तर?"

"तेही बघायचंय."

"अन् नवीकोरी दस्ती टाकली, घडी न मोडलेली? कुणी खिशात घालून जाईल की हो!"

हे मॅडमना सुचलं नव्हतं. इतक्या महिन्यांत लाभार्थी न विचारता दस्तीबद्दल विचारणारा हा पहिला माणूस. मॅडमनी चहा तसाच ठेवून पर्समधून वही काढली. शेठचा प्रश्न त्यांनी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतला.

"मी देतो निधी," मुरकुटे म्हणाले. "छपाई, माणसं, येणंजाणं, समदं. कॉलेजाच्या नावानं लेखी देतो, शिक्क्यासकट. फक्त दस्त्या आमच्या."

मॅडमनी विचार केला. सगळ्या दस्त्या एका मापाच्या, एका रंगाच्या असल्या तर अभ्यास उलट जास्त शास्त्रीय होईल. कमलबाई थोड्या दस्त्या टाकतील, आपण पाहू. त्या हो म्हणाल्या. 'थोड्या' म्हणजे किती, हे ठरवायचं मात्र राहिलं. कापडाच्या व्यापाऱ्याच्या 'थोड्या' आणि समाजशास्त्राच्या 'थोड्या' यांत फार अंतर असतं.

ठरल्या दिवशी लग्नाची मोठी तीथ होती. मॅडम आणि कमलबाई बसस्थानकावर आल्या, तर फाटकापाशी भोंगा लावलेला ऑटो उभा. "मोफत! मोफत! मोफत! प्राध्यापिका डॉक्टर सुकेशनी मॅडम यांच्या संशोधनास सहकार्य करा! मुरकुटे शेठ यांच्यातर्फे एक माणूस, एक दस्ती!" आणि ऑटोतून दोन नोकर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात हळदीसारख्या पिवळ्याजर्द दस्त्या कोंबत होते. मॅडमनी एक उलगडून पाहिली. एका कोपऱ्यात दुकानाचं नाव, दुसऱ्या कोपऱ्यात 'संशोधन प्रमुख : डॉ. सुकेशनी खिलारे'.

आधी मॅडमना दुःख झालं ते एक ल गेल्याचं. बाकीचं दुःख गाडी आल्यावर झालं.

गाडी वळण घेतानाच फलाटावरून पिवळा मारा सुरू झाला. एकेका जागेवर चार चार दस्त्या पडल्या. झरीकडचे बिरू आणि कासाबाई पाहुण्याच्या लग्नाला गंगाखेडला निघाले होते. भेट द्यायला बरोबर एक कोकरू होतं. कासाबाईंनी दस्तीच्या भानगडीत न पडता कोकरूच खिडकीतून आत जागेवर ठेवलं. त्या कोकराला पुढं कुणी हात लावला नाही. मॅडमना गडबडीतही ते टिपून ठेवावंसं वाटलं.

आत मात्र हलकल्लोळ.

"ही माझी हाय!"

"कशावरून?"

"पिवळी हाय."

"मंग माझी काय हिरवी हाय का?"

"थांबा, नाव लिवलंय की खाली. वाचा कुणीतरी."

"सुकेशनी खिलारे."

"मंग ही शीट खिलारे बाईची. उठा समदे!"

त्या हिशोबानं अख्खी गाडीच मॅडमच्या नावावर लागली होती, आणि मॅडम दारात एका पायावर उभ्या होत्या. कंडक्टर घामानं निथळत ओरडला, "ह्या खिलारे बाई आल्याबिगर मी घंटी देणार न्हाई!"

मॅडम हळूच तो एक पायही खाली घेऊन रसवंतीच्या दिशेनं चालू लागल्या. तेवढ्यात स्थानकाचा भोंगा खरखरला. "दस्तीवाल्या मॅडम, दस्तीवाल्या मॅडम, असतील तिथून नियंत्रक कक्षात यावं." स्थानकातल्या सगळ्या माना इकडंतिकडं फिरल्या. "ह्या काय, इथंच हायेत!" कमलबाई अभिमानानं ओरडल्या, आणि मॅडमचा हात धरून त्यांना मिरवत कक्षात घेऊन गेल्या.

वाहतूक नियंत्रक पंडितराव कपाळाला हात लावून बसले होते. "मॅडम, परवानगी?"

"अर्ज केला होता. विषय शिक्षणाशी संबंधित आहे, असं उत्तर आलं."

"मग शिक्षणवाल्यांची परवानगी?"

"त्यांचं म्हणणं, परिवहनाशी."

मॅडमनी पर्समधून दोन्ही पत्रं काढून दिली. पंडितरावांनी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, मग जागा बदलून वाचली.

"म्हणजे हा विषय सध्या कुणाच्याच हद्दीत न्हाई."

"नाही."

"मग मी कारवाई कशाखाली करू?"

याचं उत्तर मॅडमना येत असतं तर त्यांनी दिलंही असतं, त्यांचा स्वभावच तसा. शेवटी स्थानकात पुन्हा दस्ती वाटणार नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून घेतलं गेलं. सही करताना त्यांनी 'खिल्लारे'मधले दोन्ही ल ठळक काढले. त्या उठल्या तसे पंडितराव आवाज बारीक करून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? ड्रायव्हरच्या मागच्या शीटवर लोक दस्ती जरा कमी टाकतात. का बरं?"

मॅडम खाली मान घालून गाडीकडं परतल्या. आता अख्खी गाडी आपल्यावर तुटून पडणार, हे धरूनच त्या चढल्या. आणि थबकल्या.

सगळे नीट बसले होते. काही उभे होते, पण तेही भांडत नव्हते. पिवळ्या दस्त्या कुणाच्या गळ्यात, कुणाच्या डोक्याला, काही पायाखाली. एक कोकराच्या मानेला बांधलेली. गाडीत गलका होता, पण तो गप्पांचा होता.

मॅडम लाज विसरल्या. "अहो, कसं ठरलं? कोण बसायचं, कसं ठरवलंत तुम्ही?"

"म्या बसले," कासाबाई म्हणाल्या. "मंग कोन उठवतंय?"

"ह्या मावशीचा गुडघा धरलाय, म्हणून दिली," पलीकडून एक जण म्हणाला. "गुडघ्याचं आमच्या आईला बी हाय. पत्ता देतो म्हणलं वैद्याचा."

"ह्यो पोखर्णीला उतरनार," बिरू एका फेटेवाल्याकडं बोट दाखवून म्हणाला. "त्येनं तवर बसायचं, मंग म्या. आन् ह्यो आमच्या साडूच्या गावचा निघाला की ओ! म्या वळखलंच न्हाई."

"मॅडम, तुमी कुठं उतरनार?" मागून आवाज आला.

"गंगाखेड."

"मग दैठण्यापर्यंत उभ्या ऱ्हा. तिथं ही जागा व्हायलीय."

घंटी वाजली. मॅडम दांडीला धरून उभ्या राहिल्या आणि कान टवकारून ऐकत राहिल्या. रोजच्या गाडीत असं कुणी बोलत नसे. दस्ती असली की बोलावंच लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. कुणाला ऊठ म्हणायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, स्वतःचं दुखणं सांगायचं नाही. सगळी बोलणी ते फडकं करून टाकतं. आज फडक्याची भाषा बिघडली तशी माणसांना तोंड उघडावं लागलं. आधी ती भांडली, मग त्यांनी एकमेकांची गावं विचारली. हे खरं असेल का? की लग्नाची तीथ म्हणून सगळे खुशीत होते? की कोकरामुळं? दैठण्याला जागा झाली तेव्हा मॅडम इतक्या विचारात होत्या, की तिथं दुसराच कुणी बसला.

बातमी आली ती आलीच. 'दस्तीमुळे गाडी खोळंबली, प्राध्यापिकेस समज.' त्यातही एकच ल होता. मुरकुट्यांच्या दुकानात मात्र झुंबड उडाली, आणि त्यांनी निरोप धाडला, पुढचा अभ्यास टावेलावर करू. मॅडमनी नम्रपणे नाही सांगितलं. मग शिक्क्याचं पत्रही गेलं आणि निधीही.

प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा मॅडम खोलीची किल्ली बरोबर घेऊनच गेल्या.

पौळ सरांच्या टेबलावर कात्रण होतं. "कॉलेजचं नाव निघालं, मॅडम. भोंग्यावरून निघालं."

"हो, सर."

"संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. हसत होते. चिडले असते तर बरं झालं असतं." त्यांनी कात्रणाची दोनदा घडी घातली. मग किंचित खाकरले. "ते नंतर बसले कसे पण?"

मॅडमनी सांगितलं. गुडघा, पोखर्णी, साडूचं गाव, सगळं. आपल्याला काय वाटतं ते सांगितलं आणि त्याची खात्री का नाही तेही सांगितलं. पौळ सरांची खुर्ची कधी पुढं सरकली ते दोघांनाही कळलं नाही.

"मी शिकायला होतो ना," सर म्हणाले, "तेव्हा दस्ती घ्यायची ऐपत नव्हती. मी चप्पल टाकायचो खिडकीतून. एकदाही कुणी मानली नाही, मॅडम. जागा जायची ती जायची, चप्पल शोधायला गाडीभर फिरायचो. दस्ती मानतात अन् चप्पल का मानत नाहीत?"

"माहीत नाही, सर."

"अहो, पण कळायला पाहिजे ना!" प्राचार्यांनी टेबलावर एवढ्या जोरात हात मारला, की शिपाई आत डोकावला. "वैष्णवी मॅडमना बोलवा. लेखाशीर्षांची फाइल घेऊन या म्हणावं."

हिशोब बघणाऱ्या वैष्णवी आल्या. फाइल उलटीसुलटी झाली. संशोधन या शीर्षाखाली रसायनशास्त्राचं यंत्र बसलेलं होतं, तिथं तीळ ठेवायला जागा नव्हती. स्नेहसंमेलन संपलं होतं. उरलं होतं ते एकच शीर्ष, किरकोळ दुरुस्ती, आणि त्यात एका छोट्या अभ्यासापुरती शिल्लक होती.

"टाका यात," सर म्हणाले. "अनुदानित प्रकल्प झाला की नाही? झाला. खोली राहू द्या त्यांच्याकडं."

वैष्णवी पेन घेऊन थांबल्या. त्यांना लेखापरीक्षक दिसत होता. "सर, पण दुरुस्ती म्हटल्यावर वर्णन लागतं. काय दुरुस्त केलं म्हणून लिहू?"

प्राचार्यांनी मॅडमकडं पाहिलं.

"अजून काही नाही," सुकेशनी मॅडम म्हणाल्या. "काही मोडलंय का, ते बघायला चाललेय, असं लिहा."